जुना दिवा आणि नवा अवयवी

एखाद्या वस्तूचे भाग एकामागून एक बदलत गेले, तर शेवटी उरते ती वस्तू मूळचीच मानावी की दुसरी, हा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या काढून त्यांच्या जागी नव्या बसवल्या आणि त्यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असे प्लुटार्कने थीसियसच्या चरित्रात नमूद केले आहे. भारतात हाच प्रश्न अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्या भागांपासून झालेली अखंड वस्तू, यांच्या संबंधाचा वाद म्हणून नैयायिक आणि बौद्ध यांच्यात शतकानुशतके लढवला गेला. दोन्हीकडे उदाहरणे येतात ती जहाजाची, रथाची, वस्त्राची किंवा घटाची, आणि या उदाहरणांत निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी कोणाचे फारसे काही बिघडत नाही. रंगमंचावरचा जुना विजेचा दिवा दुरुस्त करून त्यात नवी वायर घालणे, हेही त्याच प्रश्नाचे उदाहरण आहे. फरक इतकाच की येथे उत्तर चुकले तर शिडीवर चढलेल्या माणसाला विजेचा धक्का बसतो.

अशा दिव्यांपैकी एक प्रसिद्ध दिवा म्हणजे लंडनच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक या कंपनीचा पॅटर्न २३. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने तो १९५३ मध्ये बाजारात आणला आणि पुढे सुमारे तीस वर्षे तो तयार होत राहिला. साच्यात ओतलेले ॲल्युमिनियमचे कवच, आत ५०० वॅटचा टंगस्टन तारेचा बल्ब, त्यामागे रिफ्लेक्टर आणि पुढे झोताला आकार देणारे भिंग, एवढीच त्याची रचना. पण आटोपशीर आकारामुळे आणि मोठ्या संख्येने होणाऱ्या उत्पादनामुळे तो ब्रिटनमधील शाळांच्या सभागृहांपासून व्यावसायिक नाट्यगृहांपर्यंत सर्वत्र पोचला. आज असा दिवा एखाद्या हौशी नाट्यसंस्थेच्या किंवा संग्राहकाच्या हाती येतो तेव्हा कवच सहसा धडधाकट असते आणि भिंग धुऊन पुसून लख्ख करता येते. जीर्ण झालेली असते ती होल्डरपासून बाहेर येणारी वायर. टंगस्टनच्या बल्बात विजेचा अगदी थोडा अंश प्रकाशात उतरतो आणि बाकी सारी उष्णता होते, त्यामुळे घरगुती फिटिंगमधील, साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी पीव्हीसीची वायर तेथे चालत नाही. जुन्या काळी या उष्णतेवर उपाय म्हणून तारेभोवती बहुधा ॲस्बेस्टॉसचे वेष्टन असे. आता १८० अंशांपर्यंत टिकणारे सिलिकॉन रबर आणि त्यावर काचतंतूंची वीण असलेली वायर घालतात.

उष्णतेने वस्तूत नेमके काय घडते, यावर भारतीय दर्शनांत एक स्वतंत्र वाद झाला होता. कच्चा घडा भट्टीत भाजून लाल होतो तेव्हा तो परमाणूंपर्यंत विखुरतो, परमाणू भाजले जातात आणि त्यांच्यापासून नवा लाल घडा उत्पन्न होतो, असे वैशेषिक म्हणत; परमाणूला पीलु म्हणत असल्यामुळे या मताला पीलुपाकवाद हे नाव आहे. नैयायिकांच्या मते घडा अखंड राहूनच भाजतो, कारण अग्नी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. हा पिठरपाकवाद, पिठर म्हणजे भांडे. घडा विखुरताना कोणालाच कसा दिसत नाही, या आक्षेपावर वैशेषिकांचे उत्तर असे की ती क्रिया डोळ्यांना सापडू नये इतकी जलद होते. हे उत्तर पळवाटीसारखे वाटते आणि घड्यापुरते पाहिले तर नैयायिकांचीच बाजू सरस ठरते, यात शंका नाही. तरीही वर्षानुवर्षे दिव्याच्या धगीत भाजलेली जुनी रबरी वायर पाहिली, की वैशेषिकांना कशाची शंका आली असावी ते उमगते. जागच्या जागी आहे तोवर तिचा रंग, जाडी आणि वळण सारे शाबूत दिसते. पण चिमटीत धरून किंचित वाकवताच वेष्टनाला आडव्या चिरा पडतात, त्याच्या काळ्या खपल्या तळहातावर गळतात आणि उघडी तांब्याची तार समोर येते. (ॲस्बेस्टॉसच्या वेष्टनाची अशी परीक्षा कधीही घेऊ नये, त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेले तर त्यांपासून होणारा कर्करोग कित्येक दशकांनी प्रकट होतो.)

न्याय-वैशेषिक मताचा गाभा मात्र अवयवीच्या सिद्धांतात आहे. वस्त्र म्हणजे तंतूंची नुसती बेरीज नव्हे. ते तंतूंच्या ठिकाणी समवायाने, म्हणजे तोडता न येणाऱ्या नित्य संबंधाने, राहणारे स्वतंत्र द्रव्य आहे, आणि तंतूंचा परस्परसंयोग हे त्याचे असमवायी कारण आहे. हा संयोग तुटला की वस्त्रही नाहीसे होते. त्यामुळे एक तंतू जरी ओढून काढला तरी पहिले वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या तंतूंपासून नवे वस्त्र उत्पन्न झाले, असे मानावे लागते. या नव्या वस्त्राला शास्त्रकारांनी खंडपट असे नाव दिले आहे. व्यवहारात हे मत कोणालाही अतिरेकी वाटेल, कारण सदऱ्याचा एक धागा निघाला म्हणून माणसाचा सदरा नवा झाला, असे कोणी म्हणत नाही. परंतु दिवा दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा व्यवहार नेमका याच मताप्रमाणे चालतो, किंवा चालला पाहिजे. होल्डर सुटला, टर्मिनलचे स्क्रू ढिले झाले, कवचाला जोडलेली अर्थिंगची वायर क्षणभर निघाली, की त्या दिव्याबद्दल आधी जे काही सिद्ध झाले होते ते सारे रद्द होते. कारण ती सिद्धता भागांच्या ज्या संयोगावर उभी होती तो संयोग आता उरलेला नाही. पुन्हा जोडलेला दिवा हा नवा अवयवी आहे, आणि नव्या वस्तूची जशी तपासणी होते तशीच त्याची व्हायला हवी.

याच्या विरुद्ध प्रत्यभिज्ञा उभी राहते. पूर्वी पाहिलेली वस्तू समोर आली असता 'ही तीच' असे जे ज्ञान होते ते प्रत्यभिज्ञा, आणि स्थिर वस्तू मानणारे सर्वच पक्ष तिचा आधार घेतात. बौद्धांनी तिच्यावर जे आक्षेप घेतले त्यांत दोन दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतात. कापून पुन्हा वाढलेले केस तेच वाटतात पण ते तेच नसतात, हा एक. आणि दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असून एकच भासते, हा दुसरा. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांच्या संवादात रात्रीच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच की निराळी, असा प्रश्न येतो आणि तीच नव्हे, पण अगदी दुसरीही नव्हे, असा निर्वाळा मिळतो. दर्शनग्रंथांतला हा दिवा तेलाचा आहे. विजेच्या दिव्यात प्रत्यभिज्ञेची फसवणूक अधिक घातक ठरते, कारण ती कारागिराच्या हातांत मुरलेली असते. अमेरिकेत बनलेल्या जुन्या दिव्यात काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. ब्रिटनमध्ये साधारण १९७० पर्यंत तांबडी फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असे, आणि भारतातही हीच रंगसंगती दीर्घकाळ रुळलेली आहे. भारतात शिकलेला कारागीर अमेरिकी दिव्यातली काळी वायर पाहून तिला न्यूट्रल म्हणून ओळखतो, आणि त्याची ही ओळख त्याच्या आजवरच्या कामावरून खरीच असते. भारतातील घरांमधला तीन गोल पिनांचा मोठा पॉवर प्लग त्याच ब्रिटिश मानकातून आलेला आहे ज्याचा १५ अँपिअरचा प्लग तेथील नाट्यगृहांत अजून चालतो, त्यामुळे तिकडचा दिवा इकडच्या सॉकेटमध्ये सहज बसतो आणि तो बसला म्हणजे सारे ठीक आहे असा समज होतो.

कवचावर कोरलेले कंपनीचे नाव हेही अशाच भरवशाला कारण होते. दर्शनांच्या भाषेत ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह माणसाचे, आप्ताचे, वचन. आप्त कोणाला म्हणावे याबाबत नैयायिक फार चोखंदळ आहेत. ज्या विषयाबद्दल तो बोलतो तो विषय त्याला साक्षात ठाऊक असला पाहिजे. १९५३ चा कारखाना आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दिव्याबद्दल साक्ष देऊ शकतो. त्यानंतर कोणी कोणती वायर घातली, कोणी अर्थिंग काढून टाकले, याबद्दल त्याचे वचन मुळातच लागू होत नाही. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरची जाहिरात संपूर्ण अग्निरोधक म्हणून केली जात होती. ३० डिसेंबर १९०३ रोजी तेथील आर्क दिव्याच्या ठिणगीने पडद्याने पेट घेतला आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

धार्मिक परंपरेने हा प्रश्न दर्शनांपेक्षा निराळ्या वाटेने, पण मोठ्या समजुतीने सोडवला आहे. देवालयाच्या जीर्णोद्धाराचा जो विधी आगमांत सांगितला आहे, त्यात मूर्तीतील देवत्व आधी कलशात आकर्षून घेतात. दुरुस्ती चालू असेतो मूर्ती पूजेत नसते, आणि काम पुरे झाल्यावर प्राणप्रतिष्ठा पुन्हा करतात. मूर्ती पूर्वी प्रतिष्ठित होती म्हणून विधीत सूट मिळत नाही. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी, जो १९९६ मध्ये आणि नंतर २०१५ मध्ये झाला, त्याहून पुढे जातो: कडुलिंबाच्या लाकडाच्या मूर्ती संपूर्ण नव्या घडवतात, जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ गुप्तपणे नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठ या जागी पुरतात. या पुरण्याला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे. थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये थीसियसच्या जहाजाच्या प्रश्नात अशी भर घातली की काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? पुरीत ही अडचण उद्भवूच शकत नाही, कारण दावा सांगणारी दुसरी मूर्ती मागे उरतच नाही. जुन्या दिव्याच्या बाबतीतही तसेच होते. त्यातून काढलेली ॲस्बेस्टॉसची वायर ओलसर करून, पिशवीत बंद करून, घातक कचरा म्हणून नियमाप्रमाणे नष्ट करावी लागते. मूळ द्रव्यावर कितीही निष्ठा असली तरी ती जपून ठेवण्यात अर्थ नसतो.

प्रतिष्ठेचे काम येथे चाचणी करते. धातूचे कवच आणि प्लगची अर्थिंगची पिन यांच्यामधला रोध एका ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास, फार तर लांब वायरीच्या रोधाइतका अधिक, भरला पाहिजे. मग मेगर या उपकरणाने ५०० व्होल्टचा दाब देऊन फेज व न्यूट्रल यांचा कवचाशी कुठे स्पर्श होत नाही ना, हे पाहतात, आणि तेथे किमान एक मेगओहम रोध मिळावा लागतो. मेगरचा आकडा हे नैयायिकांच्या भाषेत लिंग, म्हणजे ज्यावरून न दिसणारी गोष्ट अनुमानाने कळते ते चिन्ह. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्ये विजेचे दिवे आले तेव्हा प्रेक्षकांची भीती घालवण्यासाठी मालक रिचर्ड डॉयली कार्ट याने रंगमंचावर पेटता बल्ब सर्वांसमक्ष फोडून दाखवला. आप्तवचन पुरेसे नाही हे त्याने ओळखले होते आणि प्रत्यक्षाचा आधार घेतला, हे त्याच्या व्यवहारचातुर्याचे लक्षण म्हटले पाहिजे.

मग प्रत्येक दुरुस्तीनंतर दिवा नवाच होत असेल, तर जुना दिवा जपण्याचा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप येईल, आणि त्याचे उत्तर अवयवीच्या सिद्धांतात मिळत नाही. ते बौद्धांच्या संतान या कल्पनेत आहे: क्षण निराळे असले तरी पुढचा क्षण मागच्याच्या जातीचा असतो आणि त्याच्यातूनच उत्पन्न होतो, तोवर त्या प्रवाहाला एक म्हणण्यास हरकत नाही. टंगस्टनचा दिवा डिमरने मंद करत नेला की झोत पांढऱ्याकडून पिवळ्याकडे, मग तांबूस छटेकडे सरकतो आणि विझण्याआधी क्षणभर तार निखाऱ्यासारखी दिसते. रंगमंचावरच्या संध्याकाळी आणि मृत्यूचे प्रसंग या उतरत्या रंगावर पिढ्यान् पिढ्या बेतले गेले. वायर, होल्डर, प्लग, सारे बदलले तरी हा झोत त्याच जातीचा राहतो. कवच तेच ठेवून आत एलईडी बसवला, तर वायरीवरचा उष्णतेचा ताण जवळजवळ नाहीसा होतो आणि सुरक्षिततेचे काम सोपे होते, पण साधा एलईडी मंद होताना फक्त अंधूक होतो, तांबूस होत नाही. म्हणजे प्रवाह नेमका जेथे तुटू नये तेथेच तुटतो, आणि बाहेरून मात्र 'तोच दिवा' ही ओळख पूर्वीपेक्षा अधिक पक्की दिसते. अशा दिव्यापेक्षा सरळ नवा एलईडी दिवा टांगणे अधिक प्रामाणिक ठरते, आणि पोकळ केलेले जुने कवच नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात, प्लग न लावता, ठेवायला कोणाचीच हरकत नसावी.