पाहुणा कोणाचा?

गणपती गेले, की थोड्याच दिवसांत अष्टमीस कुंडलिकेच्या काठी करड्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा धोबी पक्षी येतो. शेपटी खालीवर हलवीत तो दगडांवरील किडे टिपू लागला, म्हणजे आमच्याकडे म्हणतात, "पाहुणा आला." शिमगा सरल्यावर तो उत्तरेस जातो.

या 'पाहुणा' शब्दाविषयीच आम्हांस शंका आहे. धोबी घरटे बांधतो ते हिमालयातील व त्यापलीकडील ओढ्यांकाठी, हे खरे. पण वर्षाचा अर्धा काळ, किंबहुना अधिकच, तो इकडे काढतो. बरे, वाट चुकून येतो म्हणावे, तर तसेही नाही. पायात खुणेचे कडे घातलेला असाच एक धोबी वर्षामागून वर्ष मुंबईतील त्याच हिरवळीवर परत येई, असे सालिम अली (१८९६–१९८७) यांनी नमूद केले आहे.

जन्मभूमी तेवढीच आपली, असे कोणी म्हणेल. मग रोह्याचा जो चाकरमानी मुंबईत उभा जन्म घालवितो, तो तेथला पाहुणाच काय? त्यास तसे म्हणणारे आहेत, आणि का म्हणतात हेही आम्ही जाणतो. पाहुण्यास आग्रहाने वाढता येते. घरात वाटा मात्र त्यास मागता येत नाही.

धोब्याचा वाटा तो केवढा! काठचा ओला चिखल, त्यातील किडे, निर्विष पाणी. नदीत आम्ही काय सोडले, असे त्याने विचारिले, तर 'तुझे घर हिमालयात' हे उत्तर आम्हांस देता येईल काय? पुलाखालच्या दगडांवर, फेसाच्या कडेकडेने, तो अजून किडे शोधीत असतो.