पिशवीसकट

माणदेशातल्या एका वाडीत मायलेक राहत. दोघांच्याही अंगावर आवाळू. आईच्या डोक्यात तीन गाठी, गुळगुळीत, टणक, बोटाखाली हलणाऱ्या. मुलाच्या पाठीवर एकच, मधोमध काळा ठिपका असलेली.

मुलगा घायकुता. चुलत्याशी बांधावरून वाजलं की चहा पाजून मिटवायचा. सरकारी मोजणी मात्र मागायचा नाही. पेरणी आली की वाद पुन्हा उभा. गाठीचंही तसंच. तो ती पिळायचा, कुबट वासाचा पांढरा लगदा निघायचा, गाठ बसायची. "गेली एकदाची!" म्हणेपर्यंत ती परत भरायची.

ज्वारीच्या काढणीत त्यानं ती जोर लावून पिळली. रात्रीत पाठ लालबुंद सुजली, ठणका थांबेना. आईनं त्याला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि सूज पुरती उतरल्यावर बोलावलं.

त्या दिवशी ते म्हणाले, "केस ज्या नळीतून उगवतो, तिच्या तोंडाशी तुझी पिशवी धरली आहे. नखं-केस ज्याचे बनतात ते केराटिन तिचं अस्तर सतत आत टाकतं. तू केराटिन काढलंस, अस्तर ठेवलंस. यंदा पिशवी आतच फुटली, माल कातडीखाली सांडला, म्हणून भडका उडाला."

"माझंबी तसंच का?" आईनं विचारलं.

"नाही मावशी. तुमच्या गाठी त्याच नळीच्या मधल्या भागातल्या. त्या बहुतेक डोक्यातच होतात, पुष्कळदा घराण्यात चालत येतात."

"माझ्या आईलाबी हुत्या."

भूल देऊन आईच्या गाठी काढल्या. सोललेल्या शेंगदाण्यासारख्या त्या अख्ख्या बाहेर आल्या. मुलाची पिशवी मात्र पिळून पिळून आजूबाजूला चिकटली होती. डॉक्टर बराच वेळ तिचे तुकडे शोधत राहिले. "अस्तराचा एवढासा कपटा राहिला तरी गाठ परत धरेल," ते म्हणाले. काढलेलं सगळं त्यांनी तपासणीला पाठवलं. अहवाल साधा आला.

टाके निघाले त्याच आठवड्यात मुलगा चुलत्याला बरोबर घेऊन भूमी अभिलेख कार्यालयात गेला आणि त्यानं मोजणीचा अर्ज दिला. खुणेचे दगड बसले. पुढच्या पेरणीला बांधावर आवाज चढला नाही.

तात्पर्य : गाठ अंगावरची असो की मनातली, वरून पिळून ती जात नाही. ती जाणत्याला दाखवावी आणि पिशवीसकट काढावी.