काम हीच उपासना – पण कोणाची?

'काम हीच उपासना' हे वाक्य आपण कचेऱ्यांच्या भिंतींवर वाचतो आणि मंडळीतील उपदेशांतही ऐकतो. ते खोटे नाही. परंतु ते कोण कोणाला सांगत आहे, यावर त्याचा खरेखोटेपणा पुष्कळ अवलंबून आहे. प्रिय वाचकहो, या एकाच मुद्द्याचा आपण शास्त्राच्या आधारे विचार करू या.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला इब्री भाषेतील 'अवोदा' हा शब्द वारंवार थबकवतो. श्रम, चाकरी आणि उपासना हे तिन्ही अर्थ त्यात सामावले आहेत. देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (उत्पत्ती 2:15). पुढे लेव्यांनी निवासमंडपाची सेवा व राखण करावी असे सांगितले आहे (गणना 3:7-8). मूळ भाषेत दोन्ही ठिकाणी तीच दोन क्रियापदे आहेत. मराठीत मात्र एका ठिकाणी 'मशागत' आणि दुसऱ्या ठिकाणी 'सेवा' असे लिहावे लागते, आणि शेत व मंदिर यांना जोडणारा धागा वाचकाच्या दृष्टीआड होतो. कुदळ धरणारे हात आणि वेदीपुढे जोडलेले हात यांत आपण करतो तेवढा भेद शास्त्र करीत नाही. प्रभू येशूला नासरेथकर सुतार म्हणून ओळखत होते (मार्क 6:3). पौल करिंथात तंबू करण्याचा धंदा करीत होता (प्रे. कृत्ये 18:3).

येथेच थांबलो तर मात्र अर्धेच सत्य हाती लागेल. मिसर देशात इस्राएलाकडून चिखलाची व विटांची जी कठोर कामे करवून घेतली गेली, त्यांनाही 'अवोदा' हाच शब्द आहे (निर्गम 1:14). आणि सुटका झाल्यावर ते डोंगरावर देवाची जी उपासना करणार होते, तिच्यासाठीही त्याच धातूचे क्रियापद आहे (निर्गम 3:12). मग देवाने मोशेला असे का सांगितले नाही, की विटा थापणे हीच माझी उपासना आहे असे लोकांना समजाव आणि त्यांना समाधानाने राहू दे? असा उपदेश फारोला किती सोयीचा झाला असता! देवाने त्यांचा आक्रोश ऐकला आणि त्यांना दास्यातून बाहेर काढले.

कोणी म्हणेल, पौलाने कलस्सै येथील दासांना हेच सांगितले ना, की जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा (कलस्सै. 3:23)? होय. परंतु त्याच दमात तो धन्यांनाही बजावतो, की दासांशी न्यायाने व समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे (4:1). पहिले वचन श्रम करणाऱ्याला त्याचा सन्मान परत देते. दुसरे वचन श्रम करवून घेणाऱ्याला जाब विचारते. आपण बहुधा पहिले वचन दुसऱ्याला वाचून दाखवतो आणि दुसरे स्वतःपुरते विसरतो.

आपल्याच घरात पाहा. रविवारी सारे कुटुंब उपासनेला जाते आणि सून पाहुण्यांसाठी स्वयंपाक करीत मागे राहते. तिचा स्वयंपाक प्रभूला अर्पण होऊ शकतो, यात शंका नाही. परंतु 'तुझी उपासना चुलीपुढेच' असे म्हणण्याचा अधिकार, तिच्या बरोबरीने भांडी घासायला न उठणाऱ्याला नाही. आपल्या देशात हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 मध्ये झाला, तरी गटारात गुदमरून कामगार मेल्याच्या बातम्या येतच राहतात. त्या कामाला पवित्र म्हणून गौरवणे सोपे आहे. त्या माणसाला गटारातून वर काढणे ही देवाला मान्य अशी सेवा आहे.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. 1896-97 च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आधी अन्न, आसरा आणि अक्षर दिले. मग हुन्नर शिकवले. तेथील स्त्रियांनी खिळे जुळवून रमाबाईंचे मराठी बायबल छापले. ते 1924 मध्ये, रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. ज्यांना जगाने टाकून दिले होते, त्यांच्या शाईने माखलेल्या बोटांतून देवाचे वचन उमटले. ते काम उपासना ठरले, कारण मुक्ती आधी आली होती.

म्हणून आपले रोजचे काम प्रभूपुढे ठेवताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे अर्पण निर्दोष आहे काय, की मलाखीच्या काळच्या लोकांप्रमाणे मी लंगडे जनावर वेदीवर आणीत आहे (मलाखी 1:8)? यात कोणाची मजुरी अडकलेली नाही ना (याकोब 5:4)? आणि जो विसावा मी घेतो, तो माझ्या घरी राबणाऱ्यालाही मिळतो काय (अनुवाद 5:14)?

उद्या सकाळी हातात झाडू असो, खडू असो वा हिशेबाची वही, ती उचलताना हे काम प्रभूच्या हाती द्या. आणि जो तुमच्यासाठी राबतो, त्याचा मोबदला त्याच दिवशी त्याच्या हाती द्या. दोन्ही अर्पणे एकाच वेदीवर पोहोचतात.