खाडा की सुट्टी?

शास्त्रपाठ : निर्गम ५:१-९, निर्गम २३:१२, अनुवाद ५:१२-१५



आमच्या मंडळीतील एक तरुण कामाच्या प्रशिक्षणासाठी जपानला जाणार आहे. तेथील भाषा थोडीफार यावी अशी अट असल्याने तो संध्याकाळी कारखान्यातून सुटला की वही घेऊन सुभानपुऱ्यातील आमच्या घरी येतो. आम्हांला जपानी येत नाही. आमचे काम इतकेच, की त्याने देवनागरीत उतरवून घेतलेले शब्द समोर धरायचे आणि पाठ म्हणताना तो चुकला तर थांबवायचे.

एका संध्याकाळी नोकरीविषयीचा धडा चालला होता. त्यात शब्द आले, ‘शूक्यू फुत्सुका’. शू म्हणजे आठवडा, क्यू म्हणजे विश्रांती आणि फुत्सुका म्हणजे दोन दिवस. आठवड्याला दोन दिवस सुट्टी! आमचा तरुण खुशीत येऊन ते शब्द मोठ्याने घोकू लागला. मागल्या मोरीपाशी मासी भांडी घासत होत्या. आमच्याकडे कितीतरी वर्षे कामाला येणाऱ्या या बाईंना घरातली लहानथोर सगळीच मासी म्हणतात. त्यांनी हात थांबवून गुजरातीत विचारले, हे काय चालले आहे? तरुणाने अर्थ समजावून सांगितला. मासींनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “ने पगार कापे?” त्या दोन दिवसांचा पगार कापतात का?

“ना मासी, नथी कापता,” तो हसून म्हणाला. मासी पुन्हा भांड्यांकडे वळल्या आणि तो पुढच्या शब्दाकडे गेला. आम्ही मात्र तेथेच अडलो. कारण समोरच स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर टांगलेले होते. त्यावर दुधाचा हिशेब, सिलिंडर आल्याची तारीख आणि काही तारखांवर लाल फुल्या. प्रत्येक फुली म्हणजे मासींचा एक खाडा. महिनाअखेर फुल्या मोजायच्या आणि तितक्या दिवसांचे पैसे वजा करायचे, ही आमच्या घरची रीत.

बंधुभगिनींनो, आपल्या भाषेचे नवल पाहा. आम्ही कचेरीला गेलो नाही तर ती रजा. मुले शाळेत गेली नाहीत तर ती सुट्टी. मासी आल्या नाहीत तर तो खाडा! एकाच रविवारी एकाच गल्लीत तिघे घरी बसले तर तिघांच्या बसण्याला तीन नावे, आणि पैसे कापले जातात ते तिसऱ्याचेच.

चौथ्या आज्ञेवर आम्ही आजवर पुष्कळदा बोललो आहोत. धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘शब्बाथ’ या इब्री शब्दाच्या मुळाशी थांबण्याचा अर्थ आहे, हे शिकलो आणि ते अनेक व्यासपीठांवरून सांगितले. परंतु आपल्या मोरीत कोण थांबले नाही हे आम्हांस एका परक्या भाषेतल्या दोन शब्दांनी दाखविले.

त्या शब्दांची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. जपानात रविवारची सुट्टी परंपरेने चालत आलेली नव्हती. तेथील सरकारी कचेऱ्यांना पूर्वी ज्या तारखांच्या शेवटी एक किंवा सहा हा आकडा येई त्या दिवशी सुट्टी असे. १८७६ साली रविवारी पूर्ण व शनिवारी अर्धा दिवस सुट्टी ठरली. दोन दिवसांची सुट्टी मोठ्या उद्योगांत प्रथम आणणाऱ्यांत मात्सुशिता कंपनीचे नाव घेतले जाते. आपल्या वडोदऱ्याला हे नाव अगदीच परके नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या लखनपाल नॅशनल कंपनीचा मकरपुऱ्यातील सेलचा कारखाना याच मात्सुशिताच्या तांत्रिक सहकार्याने उभा राहिला, आणि त्याचे नोव्हिनो सेल आपल्यापैकी अनेकांनी टॉर्चमध्ये घातले आहेत. त्या कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांनी १९६० साली सांगितले, की पाच वर्षांनी आपण पाच दिवसांचा आठवडा करू. आणि १९६५ साली तो केला. एक दिवस विसाव्यासाठी आणि एक दिवस मन व बुद्धी वाढविण्यासाठी, अशी त्यामागची कल्पना होती.

तरी त्याच देशात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि असे मृत्यू टाळण्यासाठी २०१४ साली तेथे कायदा करावा लागला. सुट्टीचा शब्द असणे एक आणि सुट्टी असणे दुसरे, हे यावरून दिसते. आमच्या तरुणाच्या वहीत तर याचा आणखी एक पुरावा होता. नुसते ‘शूक्यू फुत्सुका-सेइ’ असे लिहिले असेल तर महिन्यातून निदान एका आठवड्यात दोन दिवस सुट्टी, इतकाच त्याचा अर्थ. दर आठवड्याला हवी असेल तर त्यामागे ‘कान्झेन’, म्हणजे संपूर्ण, हा शब्द लागतो. नोकरी शोधणाऱ्याने हा एक शब्द आहे की नाही ते आधी पाहावे, असे त्याच्या शिक्षकांनी बजावले होते.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. रविवारची सुट्टी गोऱ्या साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर आपोआप आली, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. साहेब रविवारी चर्चला जात, त्यांच्या कचेऱ्या बंद राहत. पण मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना रविवारची हमखास सुट्टी नव्हती. ती मिळवून दिली जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. दुपारी अर्ध्या तासाच्या विसाव्याचीही मागणी होती. मग सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे १०,००० मजूर जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद झाली.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून मजुरांना तो प्रिय, असे त्या काळी म्हटले जाई. परंतु जे काम चौथ्या आज्ञेच्या पोटात आहे ते या सत्यशोधकाने केले, आणि आज्ञा रोज पाठ म्हणणारे आम्ही आमच्या मोरीत ते केले नव्हते. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. तरी ते लिहिले पाहिजे.

आता शास्त्राकडे या. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात मोशे व अहरोन फारोपुढे उभे राहतात आणि लोकांना रानात जाऊन परमेश्वराचा उत्सव करू द्यावा असे मागतात. फारोचे उत्तर काय? हे लोक आळशी झाले आहेत, म्हणून त्यांना उपासना सुचते! मोशे व अहरोन लोकांना कामावरून थांबवितात, हाच त्यांचा अपराध. मग तो हुकूम काढतो, की विटांसाठी पेंढा देऊ नका. तो त्यांनी स्वतः वेचून आणावा, विटांची संख्या मात्र एकानेही कमी होऊ नये. ज्याने कधी काम थांबविले नाही असा फारोच्या हातचा गुलाम मिसरातून बाहेर पडतो, आणि सीनाय पर्वतापाशी देव त्याला जी आज्ञा देतो तीत म्हणतो, थांब.

अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ही आज्ञा पुन्हा येते तेव्हा तिचे कारण स्पष्ट सांगितले आहे. तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तेथून बाहेर काढिले, याची आठवण ठेव. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. मराठीत ‘सुट्टी’ आणि ‘सुटका’ हे दोन्ही शब्द सुटणे या एकाच क्रियापदातून आले आहेत. आपली भाषा नकळत अनुवादाचेच विवेचन करीत आहे. ज्याची सुटका झाली त्याने दुसऱ्याला सुट्टी द्यावी. आणि निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तर यादी खालून सुरू होते : बैल, गाढव, दासीचा पुत्र, परका. यांना दम घेता यावा म्हणून तू थांब. आमचा विसावा त्यांच्यासाठी आहे. आम्ही मात्र त्यांच्या श्रमांवर आमचा विसावा उभारीत होतो.

कारण रविवारी आमच्या घरी काय होत होते? सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना. उपासनेनंतर चार मंडळी जेवायला येणार, आणि त्यात आम्हांला आनंद वाटे. परंतु त्यामुळे भांडी दुप्पट पडत आणि मासींना त्या दिवशी दोनदा यावे लागे. विसाव्यावर उपदेश करून आम्ही घरी येऊन आडवे होत होतो, आणि मोरीतला भांड्यांचा आवाज ऐकत झोपी जात होतो.

त्या रात्री आम्ही व पत्नीने बसून ठरविले, की मासींना दर रविवारी सुट्टी द्यायची, पगार कापायचा नाही, आणि त्या दिवशीची भांडी आम्ही घासायची. दुसऱ्या दिवशी मासींना सांगितले. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या काही बोलल्या नाहीत. आणि रविवारी सकाळी नेहमीच्या वेळी दारात हजर! पत्नीने विचारले तेव्हा मासी म्हणाल्या, आज रविवार बंद केला, उद्या बाकीचे दिवस बंद कराल. दुसरी कोणी बाई ठेवली असेल तर तसे सांगून टाका. सुट्टी म्हणजे काढून टाकण्याची सुरुवात, इतकेच त्यांना आयुष्याने शिकविले होते. महिनाअखेर पूर्ण पगार हातात पडला तेव्हा कोठे त्यांचा विश्वास बसला.

येथे ही गोष्ट संपली असती तर ती आमच्या चांगुलपणाची गोष्ट झाली असती. परंतु तसे झाले नाही. पुढल्या रविवारी उपासनेला निघताना आम्ही पाहिले तर मासी समोरच्या घराच्या ओट्यावर भांडी घासत बसलेल्या! मासींची पाच घरे आहेत. आमच्या एका घराने सुट्टी दिली तर त्यांना सुट्टी मिळत नाही. पाचांतले एक घर कमी होते, इतकेच. ही ‘कान्झेन’ सुट्टी नव्हती. तेव्हा आम्हांस लोखंड्यांच्या साडेपाच हजार सह्यांचे मर्म कळले. एका गिरणीच्या दयेने रविवार येत नाही; सर्वांनी मिळून मान्य केला तरच तो येतो.

आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो. ते ख्रिस्ती नाहीत. आम्ही त्यांना शास्त्रवचने सांगितली नाहीत, मासींचा प्रश्न तेवढा सांगितला. दोन घरांनी मान्य केले. एका घरी आजारी सासूबाई आहेत, त्यांना रविवार जमत नाही. ते दुसरा वार पाहतो म्हणाले. पाचव्या घराने सांगितले, तुम्ही आमच्या बाईला बिघडविता. तेव्हा आज मासींना रविवारी दोन घरे आहेत. काम अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे असेच आम्ही तुम्हांस सांगत आहोत.

प्रिय वाचकहो, यावरून तीन गोष्टी तुमच्यापुढे ठेवितो.

पहिली गोष्ट, विसावा नेमाचा असावा. आमच्या मर्जीने, पाहुणे नसतील तेव्हा, सण असेल तेव्हा दिलेला दिवस ही मेहेरबानी झाली. आज्ञेत वार ठरलेला आहे तो याचसाठी, की दासीला तो मागावा लागू नये.

दुसरी गोष्ट, विसावा देणाऱ्याला काही किंमत पडते. रविवारी भांडी घासताना आमची पाठ दुखते, आणि जेवायला येणारी मंडळीही आता आपापले ताट विसळून ठेवितात. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री पाणी वाहून आणणारा दुसरा कोणी दास त्या खोलीत दिसत नाही. हे वचन आम्ही शंभरदा वाचले होते.

तिसरी गोष्ट, आपल्या घरातल्या स्त्रीचा विचार करा. मासींना सुट्टी देऊन तो भार पत्नीच्या अंगावर टाकला तर आम्ही फक्त फारोची जागा बदलली. म्हणून ‘आम्ही भांडी घासायची’ या वाक्यातला आम्ही कोण, हे प्रत्येक पुरुषाने आरशापुढे उभे राहून ठरवावे.

कारखान्याच्या कायद्याचा हात घरातल्या मोरीपर्यंत पोचत नाही. परंतु सीनायवरची आज्ञा पोचते. ती थेट वेशीच्या आत असलेल्या परक्यापर्यंत जाते. आज संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरातले कॅलेंडर पाहा. त्यावर फुल्या असतील तर त्या कोणाच्या, आणि त्यांना आपण काय नाव देतो, हे देवासमोर विचारा. आमच्या कॅलेंडरावर आता रविवारी फुली मारीत नाहीत. सौभाग्यवतींनी तेथे लहान अक्षरांत लिहिले आहे : मासी, सुट्टी.

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांस दास्यातून सोडविलेस आणि आम्ही ते विसरलो. आमच्या घरात राबणाऱ्या हातांना तुझा विसावा मिळावा म्हणून आमचे हात कामाला लाव. जे अपुरे राहिले आहे ते पुरे करण्याचे धैर्य आम्हांस व आमच्या शेजाऱ्यांस दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.