रुईवरचे फुलपाखरू आणि पक्ष्याचे अनुमान

सोलापूरच्या उत्तरेला नान्नजच्या गवताळ माळावर, मारुतीला जिची पाने वाहतात त्या रुईभोवती नारिंगी पंखांचा बिबळ्या कडवा, म्हणजेच प्लेन टायगर, संथपणे उडतो. त्याला घाई नसते. अळी असताना रुईतून घेतलेले विष त्याच्या अंगात असते आणि एकदा चव घेतलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

याच माळावर छोटा चांदवा, म्हणजेच डॅनाइड एगफ्लायही आढळतो. त्याचा नर काळा, पांढऱ्या डागांचा. मादी मात्र रंगरूपाने थेट कडव्यासारखी, पण खाण्याजोगी. अशा अनुकरणाचे स्पष्टीकरण हेन्री बेट्स यांनी 1862 साली अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील फुलपाखरांवरून मांडले.

यात फसवणूक नेमकी कुठे आहे? मादीचा पंख खरोखरच नारिंगी आहे. पक्ष्याच्या डोळ्याला दिसते ते खोटे नाही. अन्यथाख्याती मानणारे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, भ्रमाची जी फोड करतात ती इथे चपखल बसते: पूर्वी अनुभवलेला धर्म समोरच्या वस्तूवर लादला जातो. शिंपल्यात रुपे दिसते, तसा चांदव्यात कडवटपणा. अनुमानाच्या भाषेत बोलायचे तर 'नारिंगी, म्हणून कडू' यातला हेतू, म्हणजे निष्कर्षाला आधार देणारे लक्षण, सव्यभिचारी आहे. कडवटपणा नसतानाही तो आढळतो.

मग पक्ष्याची चूक सुधारत का नाही? न्यायमतानुसार ज्ञान खरे की खोटे, हे त्यावरून केलेली कृती सफल होते की नाही यावरून कळते. पाण्याचे ज्ञान तहान भागली की खरे ठरते. पक्षी चोचच लावत नाही, त्यामुळे त्याच्या अनुमानाची परीक्षा होत नाही. न तपासलेला भ्रम खऱ्या ज्ञानाइतकाच निर्धास्त राहतो, हे या उदाहरणातले सर्वांत महत्त्वाचे आहे. चांदवे फार वाढले तर काही पक्षी चव घेतात आणि ते अनुमान कोसळते.

माळावर फिरणाऱ्या निरीक्षकाने रंगावर विसंबू नये, हेतू बदलावा. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी मादीत तीन आणि नरात चार काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीत पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच. तरीही शंका उरली तर अळीचे खाद्य पाहावे: कडव्याची अळी रुईवर वाढते, चांदव्याची घोळीसारख्या वनस्पतींवर.