खाडी कोणाची?



घाट चढून येणारी कोकणातली मासळी आपण कोल्हापूरकर आवडीने खातो. तिच्यातील कितीतरी मासे, कोळंबी व खेकडे खाडीकाठच्या कांदळवनात लहानाचे मोठे होतात. ही कांदळवने काही ठिकाणी खाजगी जमिनीवर आहेत. सातबारा कोणाच्याही नावावर असो, ती तोडू नयेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली व पुन्हा २०१८ साली बजावले.

जमीनमालक विचारतो, "जमीन माझी, मग झाड माझे का नाही?" प्रश्न रास्त आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, मालकी एकाची असली तरी वापरताना इतरांच्या गरजेचे भान हवे. पण हे भान एकट्या मालकानेच का ठेवावे? लाभ सर्वांचा आणि तोटा एकाचा, हा न्याय नव्हे. २०१७ पासून राज्य शासन कांदळवन राखणाऱ्या गावकऱ्यांना खेकडेपालन, कालवेपालन यांसाठी योजनेतून साहाय्य देते. हे साहाय्य म्हणजे उपकार, असे आपण समजू नये. ते आपल्या सर्वांचे देणे आहे.

मासळीचा भाव करताना आपण एवढे जरूर आठवू या: खाडी राखणाऱ्याचा वाटा त्या भावात कुठेच धरलेला नसतो.