राखणे आणि ठेवून घेणे

गेल्या हिवाळ्यात धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या गावी एका वासनिकांच्या घरी निरूपणाचा योग आला. निरूपण आटोपले, दंडवत प्रणाम झाले आणि मंडळी उठू लागली असता घरातील वृद्ध बाई हात जोडून पुढे आल्या व म्हणाल्या, "बाबा, मी कुत्र्या-मांजराची पोरकी पिल्लं सांभाळते. ही दया हाय का ममता?"

प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर मी तेथल्या तेथे दिले असते. परंतु हाच प्रश्न याच बाईंनी वीसेक वर्षांपूर्वी मला केला होता आणि मी त्याचे उत्तरही दिले होते. ममता बंधनास कारण होते, साधकाने नवे पाश निर्माण करू नयेत, यास्तव पिले सोडून द्यावीत, असे मी सांगितले होते. बाई श्रद्धावान. त्यांनी त्याच संध्याकाळी तीन पिले गावाबाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांपैकी एक उरले होते. हे त्यांनी मला तेव्हा सांगितले नाही. या खेपेस, कोणताही रोष न धरता, सहज बोलण्याच्या ओघात सांगितले. पोथीतील अर्थ मला येत होता; पण त्या अर्थाचा विनियोग कोठे करावा, हे मात्र येत नव्हते.

सास्तूर हे नाव ऐकताच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत नाही असा माणूस या भागात नाही. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले, गाव थकून झोपलेले, आणि चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, यांखाली झोपलेली माणसे उठलीच नाहीत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार जीव गेले. प्रस्तुत लेखक त्या वेळी नवदीक्षित होता व ज्ञानगुरूंसमवेत काही दिवसांनी तेथे आला होता. पाऊस पडत होता, जवान ढिगारे उपसत होते, आणि कित्येक ढिगाऱ्यांवर त्या त्या घरची कुत्री बसलेली होती. हाकलले तरी ती दूर जात आणि पुन्हा तेथेच येऊन बसत. पुढे गाव नव्या जागी वसले, माणसांना सिमेंटची घरे मिळाली. कुत्री काही माणसांमागून नव्या गावात आली असतील. मांजराचे तसे नाही. ते माणसापेक्षा घराला धरून असते. घरच उरले नाही तेव्हा त्यांचे काय झाले, हे विचारण्याची ती वेळ नव्हती व कोणी विचारलेही नाही. या बाईंची सासू आणि दोन लेकरे त्या रात्री गेली. त्यानंतर दोनएक वर्षांनी त्यांनी पहिले पिल्लू उचलले. हा संबंध मी जोडतो आहे. त्यांनी तो कधी बोलून दाखविलेला नाही.

आता मूळ विचाराकडे वळू. सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी सशाचे रक्षण केले ती लीळा आपल्या मार्गात बालकांनाही ठाऊक आहे. पैजेचा ससा, मागे पारध्यांची कुत्री, आणि जीव घेऊन धावणारा तो प्राणी श्रीप्रभूंच्या जानूतळी येऊन लपला. पारध्यांनी तो मागितला. न मिळाल्यास आपसांत सुऱ्या निघतील, इथवर त्यांनी आपली अडचण सांगितली. तरीही शरण आलेल्यास मरणाच्या हाती देणे स्वामींनी मान्य केले नाही. उलट पारध्यांनाच बोध झाला. या लीळेवर निरूपण करताना आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु तिचा शेवट याहून पुढे आहे. पारधी गेल्यावर स्वामींनी जानू उचलला आणि सशाला जाण्यास सांगितले. ससा गेला. त्यास त्यांनी पाळला नाही, बिढारी नेला नाही. भय होते तोवर आश्रय दिला. भय सरले तेव्हा त्यास वाट मोकळी करून दिली. राखणे आणि ठेवून घेणे या दोन क्रिया निरनिराळ्या आहेत, हे या शेवटावरून उमगते.

येथे भागवताच्या पंचम स्कंधातील भरत राजाचे उदाहरण पुढे केले जाते, आणि वीस वर्षांपूर्वी मीही तेच केले होते. नदीत वाहून जाणारे हरिणीचे पाडस त्याने काढले, वाढविले, त्यात चित्त गुंतले, आणि अंती तेच चिंतन राहिल्याने त्यास हरिणाचा जन्म आला. यावरून पाडस काढूच नये असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. पण भरताचा दोष प्रवाहातून पाडस उचलण्यात नव्हता. ते चरू लागले, पळू लागले, वनात जाण्यास समर्थ झाले, तरी त्याने ते मनातून सोडले नाही, आणि त्यापायी स्वतःचा नित्यविधी मोडला. दोष उत्तरार्धात आहे. पूर्वार्ध टाळून दोष टाळणारा साधक पाडसाला पुरात सोडून जातो, आणि त्यास वैराग्य म्हणतो. मुंगीच्याही संसाराची काळजी वाहण्यास शिकविणाऱ्या मार्गात अशा वैराग्याला जागा कोठे आहे?

मग कोणी म्हणेल, सशाप्रमाणे कुत्र्याचे पिलूही लगेच सोडावे. नाही. सशाला वन आहे. कुत्र्याला वन नाही. सहस्रावधी वर्षे ते मनुष्याच्या दारी राहिले आहे, त्याचे वन म्हणजे मनुष्याची वस्ती. आंधळे, आईवेगळे पिलू रस्त्यावर ठेवणे म्हणजे ससा पारध्याच्या हाती देणेच होय. पिलाचे डोळे दहा-चौदा दिवसांनी उघडतात. पहिले काही आठवडे त्यास आपल्या अंगाची ऊब राखता येत नाही. आई चाटते तेव्हाच लघवी-शौच होते, ते काम ओल्या फडक्याने करावे लागते. या बाई रात्री दोन-दोन तासांनी उठतात, गोधडीत गरम पाण्याची बाटली ठेवतात. दोन महिन्यांचे झाले, भाकरी खाऊ लागले, की ते कोणाच्या तरी शेतवस्तीवर देतात. देताना घर पाहतात, मालकाला लस टोचण्याचे बजावतात. आतापर्यंत किती दिली, याची गणती त्यांनी ठेवलेली नाही. ही भरताची रीत नव्हे. हा जानू उचलणेच आहे. फक्त त्याला दोन महिने लागतात.

परिग्रहाचा आक्षेप तर मला समजतच नाही. भिक्षुकाला परिग्रह नाही, त्याने अटन करावे, त्याच्या झोळीत पिलाला जागा नाही; हे उघड आहे. पण वासनिकाच्या दारी बैल चालतात, म्हैस चालते, हल्ली ट्रॅक्टरही उभा असतो. तेथे कोणी महंत परिग्रहाची आठवण देत नाही. उपयोगाचे जनावर बांधले तर प्रपंच, आणि निरुपयोगी पिलू राखले तर मात्र बंधन, हा कोणता न्याय?

सामुदायिक उपाय देशाने पुष्कळ केले. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी बांधवांनी दंगा केला, आणि १८३४ मध्ये तेथे पांजरपोळ उभी राहिली. आजचा नियम निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे त्याच जागी सोडण्याचा आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेबीज झालेली व हिंस्र कुत्री वगळून तो कायम केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांतून कुत्री हलवून परत तेथे न सोडण्यास सांगितले. खेड्यापर्यंत हे सारे क्वचितच पोहोचते. खेड्यात पिलाचे भवितव्य एखाद्या ओट्यावरच ठरते.

मात्र दया करणाऱ्याने शेजाऱ्याच्या लेकराचाही विचार केला पाहिजे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मनुष्य बहुधा वाचत नाही. पिलू तीन महिन्यांचे होताच लस, चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना, यात कुचराई करून भूतदया सांगणारा मनुष्य स्वतः सुखी राहतो आणि भोग दुसऱ्याच्या पदरी टाकतो. तीही हिंसाच.

मांजराचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि त्यावर आपल्यात मतभेद होतील हे जाणून लिहितो. कुत्रे भाकरी, वरण, दूध यांवर निभावते. मांजर मुळातच मांसाशी आहे. केवळ दूध-भाताने त्याची दृष्टी जाते, हृदय खचते. मग अहिंसाव्रती घराने काय करावे? मांस विकत आणणे हे कृत, कारित, अनुमोदित यांपैकी कारितात येते. त्यास मी अनुज्ञा देऊ शकत नाही. आणि मांजराला आपले व्रत लादून उपाशी आंधळे करणे, ही तर अहिंसेच्या नावाने केलेली हिंसा झाली. माझ्या बुद्धीला जे पटले ते असे: पिलू चार आठवड्यांपर्यंत दुधावरच असते (गाईचे दूध त्यास बाधते, पशुवैद्यास विचारून योग्य दूध द्यावे). तेवढा काळ कोणत्याही वासनिकाने ते निःशंक राखावे. पुढे ते धान्याच्या कोठारी अथवा गोठ्यात मोकळे वावरेल अशा ठिकाणी द्यावे. घरात कोंडून ठेवून घेऊ नये. तेथे ते उंदीर धरील. तो त्याच्या भोगयोनीचा स्वभाव आहे; तो आपण शिकविला नाही, आणि आपल्या उपदेशाने सुटणारही नाही. यात अनुमोदन घडते काय? घडत नाही असे मला वाटते. अधिकारी संत-महंतांनी याचे खंडन केले तर ते मी आदराने वाचीन.

हे सर्व बाईंना सांगितले. माझे पूर्वीचे उत्तर चुकले होते हेही चारचौघांत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि आतून एक कुत्री आणली. मागचा एक पाय वाळलेला, वय पाच-सहा वर्षांचे असावे. म्हणाल्या, "बाकीची दिली बाबा. हिला कोणी नेत न्हाई. आता हिचं काय म्हणायचं?"

ससा धडधाकट होता म्हणून जानू उचलताच निघून गेला. त्याचा पाय मोडलेला असता तर स्वामींनी जानू केव्हा उचलला असता? लीळेत हे नाही. मी थोडा वेळ गप्प राहिलो आणि म्हणालो, "बाई, भय सरेपर्यंत राखायचे. हिचे भय सरणारे नाही."

त्यांनी मान हलविली. कुत्री तोवर माझ्या झोळीशी येऊन बसली होती. तिला उठविण्याचे कोणी मनावर घेतले नाही.